नेटिव्ह डिपेंडन्सी व्यवस्थापन

एखादा प्रोग्राम यंत्रभाषेत आधीच कंपाइल झालेल्या लायब्ररीवर विसंबून असेल, तर त्या लायब्ररीची योग्य प्रत निवडणे, ती प्रोग्रामसोबत पोहोचवणे आणि चालताना ती सापडेल अशी तजवीज करणे म्हणजे नेटिव्ह डिपेंडन्सी व्यवस्थापन. जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टमधला कोड बहुतेक ठिकाणी जसाच्या तसा चालतो. पण डेटाबेस, चित्रांवरची प्रक्रिया, एन्क्रिप्शन किंवा जड आकडेमोड आली की या भाषा सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेल्या कोडची मदत घेतात आणि तिथून पुढे प्लॅटफॉर्मचा विचार टाळता येत नाही.

साध्या डिपेंडन्सीची ओळख नाव आणि आवृत्ती एवढ्याने पटते. नेटिव्ह लायब्ररीच्या बाबतीत ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरही सांगावा लागतो. लिनक्सवर ती ईएलएफ स्वरूपातली एसओ फाइल असते, विंडोजवर डीएलएल, मॅकओएसवर डायलिब. २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप आणल्यावर मॅकसाठीही इंटेल आणि आर्म अशा दोन प्रती लागू लागल्या. इथे एक बारकावा हमखास निसटतो. लायब्ररी जुळावी लागते ती प्रोसेसशी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामशी, यंत्राशी नव्हे. आर्मच्या मॅकवर इंटेलसाठीचा जावा रोझेटामधून (इंटेलचा कोड आर्मवर चालवणारे ॲपलचे साधन) चालत असेल, तर त्याला इंटेलचीच लायब्ररी हवी.

या क्षेत्रातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: बिल्ड (सोर्सपासून प्रोग्राम बांधणे) जिथे होते तेच यंत्र प्रोग्रामचे अंतिम मुक्कामाचे ठिकाण आहे, असे गृहीत धरणे. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनामध्ये क्लासिफायर (नावाला जोडलेली खूण) वापरून प्लॅटफॉर्मनिहाय जार (जावाच्या पॅकेज फाइली) वेगळे ठेवता येतात आणि एका प्लगइनच्या मदतीने तो क्लासिफायर चालू यंत्रावरून आपोआप ठरवताही येतो. सोय मोठी, पण मॅकवर बांधलेला जार लिनक्सच्या सर्व्हरवर गेला की प्रोग्राम अनसॅटिस्फाइड लिंक एरर देऊन थांबतो. म्हणून लक्ष्य प्लॅटफॉर्म बिल्ड फाइलमध्ये स्पष्ट लिहावा. तो अंदाजावर सोडू नये. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज व्यवस्थापकामध्ये पॅकेज स्वतःच आपली ऑपरेटिंग सिस्टिम आणि सीपीयू जाहीर करते आणि इन्स्टॉलच्या वेळी न जुळणारी ऐच्छिक पॅकेजे वगळली जातात. मात्र नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉकफाइलमध्ये ती फाइल बनवणाऱ्याच्या यंत्रापुरतीच नोंद राहिली असेल, तर तीच चूक मागच्या दाराने परत येते. डॉटनेटच्या नगेट पॅकेजमध्ये प्रत्येक प्लॅटफॉर्मची प्रत ‘रनटाइम्स’ फोल्डरखाली स्वतंत्र ठेवतात.

लिनक्सवर आणखी एक अडचण असते, ती सी लायब्ररीची. बहुतेक लिनक्स वितरणांत जीलिबसी ही सी लायब्ररी असते. नव्या जीलिबसीवर बांधलेली फाइल जुन्या वितरणावर चालेलच असे नाही, कारण तिला हवी असलेली सिम्बॉलची (लायब्ररीतल्या फंक्शनच्या नावाची) आवृत्ती तिथे नसते. उलट जुन्यावर बांधलेली फाइल नव्यावर सहसा चालते. यातूनच सर्वांत जुन्या आधारावर बांधण्याची प्रथा रुजली. पायथन समुदायाने २०१६ मध्ये तिला ‘मेनीलिनक्स१’ या टॅगचे (पॅकेज फाइलच्या नावातली प्लॅटफॉर्मची खूण) नियमबद्ध रूप दिले: सेंटओएस ५ हे जुने वितरण हा आधार आणि जीलिबसी २.५ ही मर्यादा. नंतर आलेल्या मेनीलिनक्स२०१४ टॅगने ही मर्यादा २.१७ वर नेली. आता टॅगच्या नावातच जीलिबसीची आवृत्ती लिहितात. ऑडिटव्हील हे साधन व्हील फाइल (पायथनचे आधीच बांधलेले पॅकेज) तपासते आणि बाहेरून लागणाऱ्या लायब्ररी तिच्यात भरते. पॅकेज वापरणाऱ्याच्या हाती कंपायलर नसला तरी काम व्हावे यासाठी एका समुदायाने इतकी मेहनत घेतली, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अल्पाइन लिनक्स जीलिबसीऐवजी मसल वापरते, त्यामुळे २०२१ मध्ये ‘मसललिनक्स’ हा वेगळा टॅग आला.

दुसरी वाट म्हणजे सगळ्या प्लॅटफॉर्मच्या प्रती एकाच जारमध्ये कोंबणे. चालताना प्रोग्राम आपली प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि तिथून लोड करतो. एसक्यूलाइटचा प्रचलित जावा ड्रायव्हर असाच चालतो. फाइल जड होते आणि तात्पुरत्या फोल्डरवर ‘नोएक्झेक’ बंधन (तिथून कोड चालवायला मनाई) असेल तर लोड होणेच फसते. जावाच्या २२व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, कायम झालेल्या फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआयमुळे जेएनआयसाठी (नेटिव्ह कोड बोलावण्याची जावाची जुनी पद्धत) लिहावा लागणारा सीमधला जोडकोड टळतो. मूळ लायब्ररी मात्र पोहोचवावीच लागते.

‘फाइल सापडली नाही’ हा संदेश बऱ्याचदा दिशाभूल करतो. फाइल जागेवर असते, पण ती स्वतः ज्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती नसते. ही साखळी पाहायला लिनक्सवर एलडीडी, मॅकवर ओटूल आणि विंडोजवर डम्पबिन आहे. परक्या फाइलवर एलडीडी चालवू नये, कारण काही परिस्थितींत तिच्यातला कोड चालू शकतो.

कंपाइल केलेल्या प्रती थेट सोर्स रिपॉझिटरीत ठेवणे सोपे वाटते, पण त्यांच्या आत काय आहे हे वाचून कळत नाही. २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड (फाइली आकुंचित करणारे साधन) प्रकरणात घातक कोड चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींत लपवला होता आणि बिल्डच्या वेळी तो लायब्ररीत शिरत होता. त्यामुळे प्रत कुठल्या सोर्सवरून, कुठल्या कंपायलरने बांधली याची नोंद आणि चेकसम (फाइल बदलली नाही हे ताडण्याचा आकडा) जपणे हाही याच कामाचा भाग आहे.

ओळखीचे निकष वाढतच आहेत. अँड्रॉइडवर वर्षानुवर्षे प्रोसेसरचा एबीआय (यंत्रभाषेच्या पातळीवरचे जुळणीचे नियम) सांगितला की पुरत असे. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी मेमरी पेजच्या (मेमरी वाटण्याचे एकक) उपकरणांना आधार मिळाला. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना गूगल प्लेने १६ केबी पेजची अट घातली. ज्या जुन्या एसओ फाइलींची मांडणी ४ केबीला धरून झाली होती, त्या पुन्हा बांधाव्या लागल्या.