चुंबक चिकटला म्हणून चाकू भेसळीचा नसतो

'खिशातला चाकू घेताना चुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील नकली' हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. तो आला भांड्यांवरून, आणि भांड्यांपुरता बराचसा खराही आहे. डबे-ताटांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याला चुंबक जवळपास धरत नाही.

पण हे स्टील तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं तरी कडक होत नाही. त्याचं पातं केलं तर धार दोन दिवसांत जाईल. म्हणून चाकूला निकेल जवळजवळ नसलेलं, जास्त कार्बनचं स्टेनलेस वापरतात. त्याला पाणी देता येतं, म्हणजे तापवून बुडवून कडक करता येतं, आणि त्याला चुंबक चिकटतोच. म्हणजे चाकूच्या बाबतीत चिकटणं हे उलट चांगलं लक्षण!

गंज धरेल का, हे चुंबक सांगत नाही. त्यासाठी पात्यावर लिंबाच्या रसाचा थेंब ठेवा, पंधरा मिनिटांनी पुसा. साध्या कार्बन स्टीलवर करडा डाग उमटतो, कैरी चिरल्यावर जुन्या विळीवर पडतो तसाच. स्टेनलेसवर सहसा काही दिसत नाही. ओपिनेलसारख्या स्वस्त फ्रेंच चाकूच्या पात्यावर तर 'इनॉक्स' (म्हणजे स्टेनलेस) की 'कार्बन' हे कोरलेलंच असतं.

डाग पडणारं पातंही वाईट नव्हे. धार लावायला ते सोपं. फक्त फळ चिरल्यावर पुसून ठेवायचं.