बुझुकीचा घोडेस्वार आणि आपली घोडी

सतारीच्या तारा ज्या छोट्या तुकड्यावर टेकतात त्याला आपण घोडी म्हणतो. ग्रीसमधले बुझुकी बनवणारे कारागीर त्याच भागाला ‘कावालारिस’ म्हणतात, म्हणजे घोडेस्वार! हा घोडेस्वार ज्या पातळ फळीवर बसतो ती त्यांची ‘कपाकी’, म्हणजे झाकण. आणि मागचं फुगीर पोट म्हणजे ‘स्काफोस’, होडी. दोन कारागिरांच्या हातच्या बुझुक्या वेगवेगळ्या का बोलतात, हे समजून घ्यायला एवढे तीन शब्द मला पुरतात.

बुझुकी हे लांब दांडीचं, नखीने छेडायचं तंतुवाद्य. 1922 साली आशिया मायनरमधून लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले, आणि पिरेअस बंदराच्या गरीब वस्त्यांत, मार्कोस वाम्वाकारिससारख्या वादकांच्या हातात, हे वाद्य ‘रेबेतिको’ गाण्यांचा आवाज बनलं. 2017 मध्ये युनेस्कोने रेबेतिकोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जुन्या धर्तीच्या बुझुकीला तारांच्या तीन जोड्या असतात आणि त्या लावतात डी, ए, डी अशा. आपल्या भाषेत सरळ सा-प-सा! खर्जाच्या जोडीतल्या दोन तारांत एका सप्तकाचं अंतर असतं, म्हणून एकाच आघातात खालचा आणि वरचा षड्ज एकदम वाजतो. 1950 च्या दशकात मानोलिस खिओतिसने चार जोड्यांची बुझुकी लोकप्रिय केली. आज दोन्ही प्रकार बनतात.

दुकानात दोन बुझुक्या शेजारी ठेवल्या की नजर आधी शिंपल्याच्या नक्षीवर जाते, मग पाठीवर. फार जुन्या वाद्यांची होडी एकाच ओंडक्यातून कोरलेली असे. पुढे लाकडाच्या अरुंद पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून ती बनू लागली. या पट्ट्यांना ‘दूयेस’ म्हणतात, पिंपाच्या फळ्यांचाच शब्द. अक्रोड, तुती, मेपल, शिसवीच्या जातीची लाकडं वापरतात. पट्ट्या जितक्या जास्त तितकी मेहनत जास्त आणि किंमतही चढी. पण आवाज?

2018 साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचा एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. एकाच कारागिराकडून सहा गिटार बनवून घेतली. सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं. 52 वादकांनी ती वाद्यं दिसणार नाहीत अशा बेताने वाजवली. महाग लाकडाला स्वस्त लाकडापेक्षा ठळक पसंती मिळाली नाही. गिटारची पाठ सपाट आणि बुझुकीची गोल, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलणं मला पटत नाही. तरीही पाठीचं लाकूड ऐकून खिशात हात घालणाऱ्याने क्षणभर थांबावं, इतकं तो नक्की सांगतो.

खरी मेख झाकणात आहे. ते बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं असतं, हलकं आणि तरीही ताठ. हा ताठपणा लाकडाच्या रेषांच्या दिशेने आडव्या दिशेच्या दहापटीहूनही जास्त भरू शकतो. आणि फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर ठरतो. 3 मिलिमीटरची फळी घासून 2.5 केली, तर वजन सुमारे 17 टक्केच घटतं, पण ताठपणा 42 टक्के कमी होतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे रंध्याचे काही हात! शिवाय एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. त्यामुळे नामवंत कारागिराच्या वाद्याची मापं उतरवून घेतली तरी त्याचा आवाज हाती येत नाही. कारागीर फळी दोन बोटांत लोंबती धरतो, टिचकी मारतो, ऐकतो, आणखी थोडी घासतो, पुन्हा ऐकतो. आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्यावर पुन्हा तेच. कुठे थांबायचं हे त्याचा कान ठरवतो.

हे थांबणं म्हणजे एक निवड असते. छेडलेल्या तारेत ऊर्जा मोजकीच. पातळ, चपळ झाकण ती झटकन हवेला देतं, म्हणून आवाज मोठा आणि टणत्कारी येतो, पण लवकर विझतो. जड झाकण ती जपून खर्चतं, आवाज सौम्य पण लांबतो. नाचाच्या गाण्याला पहिलं शोभतं. ‘ताक्सिमी’ला, म्हणजे गाण्याआधीच्या आपल्या आलापासारख्या मुक्त वादनाला, मी दुसरं निवडेन. मोठा आवाज म्हणजेच चांगलं वाद्य, हा समज मला चुकीचा वाटतो.

आता घोडेस्वार. तो चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा राहतो. तारेची वाजती लांबी साधारण 67 सेंटिमीटर. नवी तार चढवताना तो 3 मिलिमीटर मागे सरकला, तर मोकळी तार पुन्हा सुरात लावली तरी बाराव्या पडद्यावरचा स्वर अर्धस्वराच्या तेराव्या भागाइतका उतरतो. तयार कानाला ते टोचतं, आणि दोष मात्र बनवणाऱ्याच्या माथी जातो. आपल्या घोडीचा माथा रुंद, त्यावर जवारी काढलेली. तिथे तार घासत कंप पावते म्हणून तो झणकार उमटतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या करामतीवर लिहिलं होतं. मिरजेच्या सतारमेकरांचं सगळं कसब त्या माथ्यावर पणाला लागतं. बुझुकीच्या घोडेस्वाराची कड मात्र अरुंद, तार तिथे स्पष्ट संपते.

तुलना करताना सर्वांत जास्त फसवतात त्या तारा. वरच्या डी ची 0.25 मिलिमीटरची पोलादी तार सुमारे 6 किलो ताणाने सुरात येते. 0.28 ची घातली तर साडेसात किलो लागतात. एका वाद्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी तार असेल, तर आपण कारागिरांची तुलना करतच नाही. जोड्यांचंही तसंच. 220 हर्ट्झच्या जोडीतली एक तार 221 वर असेल, तर दर सेकंदाला आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो. थोड्या बेसूर जोडीमुळे आवाज भरदार भासतो, आणि वाद्य आहे त्यापेक्षा श्रीमंत वाटतं.

म्हणून दोन्ही बुझुक्यांवर एकाच मापाच्या नव्या तारा चढवा, बाराव्या पडद्यावरचा स्वर तपासून घोडेस्वार बसवा, जोड्या नीट जुळवा. वादक एक, नखी एक, खोली एक. तुम्ही वादकाकडे पाठ करून बसा आणि त्याला सावकाश ताक्सिमी वाजवू द्या. शेवटचा डी छेडला की डोळे मिटा, आणि तो पूर्ण विरेपर्यंत मनातल्या मनात सेकंद मोजा.