आवर्तन कधी सुटलं, ते आधी सांगा

भडगावकडच्या माझ्या मावसबहिणीचा मध्यंतरी फोन आला. "मना रिपोर्टमा एलएच ४५ शे. हाई बरं शे का वाईट?"

मी विचारलं, रक्त दिलं तो पाळीचा कितवा दिवस होता? तिला चटकन सांगता येईना. लॅबच्या फॉर्मवर नाव, वय, डॉक्टरांचं नाव होतं. दिवस कुठंच नव्हता. काउंटरवर पुरुष बसलेला, चार माणसं मागे उभी. अशा ठिकाणी ती आपणहून काय सांगणार?

गिरणेच्या पाटाला पाणी किती, असं आपल्याकडे कुणी नुसतं विचारत नाही. आवर्तन कधी सुटलं, हे आधी विचारतात. एलएच, म्हणजे ल्युटिनायझिंग हार्मोन, याचंही तसंच आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिला वरून हायपोथॅलॅमसचा इशारा येतो आणि प्रत्येक इशाऱ्यासरशी ती थोडं एलएच रक्तात सोडते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात हे साधारण दर तास-दीड तासाला घडतं. सुरुवातीच्या दिवसांत रक्तातला आकडा २ ते १२च्या आसपास असतो. प्रत्येक लॅबची पट्टी थोडी वेगळी.

पुढची गोष्ट मला दर वेळी थक्क करते. अंडाशयात बीज पिकत असताना त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात. एरवी हेच इस्ट्रोजेन पिट्युटरीला आवरून धरतं. पण त्याची पातळी दोनेक दिवस सलग चढी राहिली की तेच तिला उलट चेतवतं. मग एलएच एकदम कित्येक पटींनी उसळतं, आणि उसळी सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत बीज बाहेर पडतं. मागे उरलेली पिशवी पिवळी पडून प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. हार्मोनच्या नावातला लॅटिन शब्द त्याच पिवळ्या रंगाचा.

म्हणून ४५ हा आकडा चौदाव्या दिवशी दिसला तर बीज सुटायच्या बेतात असल्याची खूण. तोच आकडा तिशीतल्या बाईला दुसऱ्या दिवशी दिसला आणि सोबत एफएसएच, म्हणजे पिट्युटरीचंच बीज वाढवणारं दुसरं हार्मोन, हेही वाढलेलं असलं, तर अंडाशय वेळेआधी थकतंय का, हे पाहावं लागतं. पाळी कायमची गेलेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईत तो अगदी नेहमीचा.

इतका सूक्ष्म पदार्थ मोजायची वाट रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी दाखवली. १९७७चं अर्धं वैद्यक नोबेल त्यासाठी यॅलो यांना मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. उरलेलं अर्धं मेंदूतली हार्मोन्स शोधणाऱ्या गिलमां आणि शॅली यांना. आताच्या यंत्रांत एक प्रतिपिंड एलएचला पकडतं, दुसरं त्यावर बसून प्रकाश देतं. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटाच कमी येतो, तेव्हा ते लॅबला सांगावं. उपाशीपोटी जायची गरज नाही.

एलएच एफएसएचच्या दुप्पट-तिप्पट आलं की लगेच पीसीओएसचा, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या हार्मोनच्या विकाराचा, शिक्का मारणारे अजून भेटतात. निदानाच्या आजच्या निकषांत हे गुणोत्तर नाही.

आणि पुरुषांचं काय? त्यांच्यातही एलएच असतं. वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला तेच सांगतं. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर दोष वृषणात. दोन्ही कमी असतील तर शोध वर, मेंदूकडे घ्यायचा. तरी मूल होत नाही म्हटलं की पहिली सुई सुनेलाच टोचतात. याचा मला मनापासून राग येतो. वीर्यतपासणी तर पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

बहिणीला म्हटलं, आठवून बघ. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, पोळ्याला खापरावरचे मांडे जाऊबाईंनी केले, कारण सकाळीच तिला पाळी आली होती. आणि रक्त दिलं गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी. अमावास्येपासून बोटांवर मोजलं. चौदावा दिवस भरला. आता पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रक्त देणार आहे, आणि या वेळी दाजीही सोबत जाणार आहेत, स्वतःच्या तपासणीसाठी.