गुप्तलेखन आणि संकेतभेद (गोमंतकाच्या संदर्भासह)

गुप्तलेखन म्हणजे मजकूर असा बदलून लिहायचा की किल्ली असलेल्यालाच तो कळावा, आणि किल्ली नसताना तो वाचून काढणं म्हणजे संकेतभेद. यात दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. सायफरमध्ये अक्षरांची अदलाबदल होते, कोडमध्ये अख्ख्या शब्दाला किंवा वस्तूला आधी ठरवून दुसरं नाव दिलेलं असतं. शाळकरी पोरांची 'च'ची भाषा ('मला'चं 'चलाम', 'कुठे'चं 'चुठेक') पहिल्या प्रकारातली, ती सगळ्यांना येते म्हणून इथे जास्त सांगत नाही.

भारतातले जुने उल्लेख दोन ठिकाणी सापडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांनी बातमी 'संज्ञालिपी'ने पोचवावी असं येतं, पण ती लिपी कशी होती ते ग्रंथात दिलेलं नाही, आणि ग्रंथाचा काळही इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत कुठेही धरला जातो (आज बरेच अभ्यासक नंतरच्या काळाकडे झुकतात आणि ते जास्त पटण्यासारखं आहे). दुसरा उल्लेख कामसूत्रातल्या ६४ कलांमधला, 'म्लेच्छितविकल्प'. याची रीत मात्र मूळ ग्रंथात नाही, ती यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत आहे, जी साधारण तेराव्या शतकातली मानतात, म्हणजे मधे जवळजवळ हजार वर्षं गेली. त्यामुळे वात्स्यायनाच्या काळी हीच पद्धत होती असं ठामपणे लिहिणं बरोबर नाही. टीकेत 'कौटिलीय' आणि 'मूलदेवीय' अशा दोन पद्धती आहेत. मूलदेवीयमध्ये अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या: अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, ञ-ण, न-म, र-ष, ल-स, य-श. मात्रा तशाच ठेवल्या तर 'मसाला'चं 'नलासा' होतं, आणि परत तीच अदलाबदल केली की 'मसाला' हाती येतो, लिहायला आणि वाचायला एकच तक्ता पुरतो.

मराठीतलं सगळ्यात मोठं प्रकरण महानुभावांचं, आणि त्याला इतर भाषांतल्या इतिहासांत जागाच मिळत नाही हे खरंच वाईट आहे. पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी, अंक, शून्य अशा अनेक सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या आहेत. सगळ्यात जास्त चालली ती सकळ लिपी, ती रवळोबासांनी तयार केली असं परंपरा मानते आणि काळ साधारण चौदावं शतक धरतात, नक्की साल लावायचा प्रयत्न करणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत. लिपी का केली यावर मतं वेगळी आहेत: ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून, परचक्राच्या भीतीने, किंवा पाठात कुणी घुसडाघुसड करू नये म्हणून. परचक्राचं कारण लोकांना आवडतं, पण ज्यात राजकीय असं काहीच नाही ती काव्यं आणि टीकाही याच लिप्यांत आहेत, तेव्हा पहिलं आणि तिसरं कारण जास्त वजनदार वाटतं. परिणाम असा झाला की लीळाचरित्रासारखं मराठीतलं आद्य गद्य पंथाबाहेरच्या वाचकाला कित्येक शतकं बंद राहिलं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उघडलं. त्या उलगड्यात वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे ही दोन नावं येतात, कोणाचं श्रेय किती यावर लिहिणाऱ्यांत फरक दिसतो.

तांत्रिक दृष्टीने सकळ लिपी म्हणजे अक्षराला अक्षर बदलणारा साधा सायफर. असा सायफर तोडायची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली होती: कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजा आणि त्या भाषेतल्या नेहमीच्या अक्षरांशी ताडून बघा. महानुभाव गद्यात तर 'सर्वज्ञें म्हणीतलें' (म्हणजे चक्रधरस्वामींनी म्हटलं) हे शब्द पानोपानी येतात, म्हणजे एवढा एक तुकडा ओळखला की बरीच अक्षरं हातात आली. नेमक्या अशाच ठरावीक शब्दांवरून पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडले गेले.

करपल्लवी हा हाताने बोलायचा प्रकार. 'अहिफण कमल चक्र टंकार, तरु पल्लव यौवन शृंगार' या ओळीतली आठ नावं म्हणजे आठ खुणा आणि प्रत्येक खूण एक वर्ग दाखवते: अहिफण म्हणजे स्वर, कमल क-वर्ग, चक्र च-वर्ग, असं श-वर्गापर्यंत. मग बोटांनी वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं. 'जय' म्हणायचं तर चक्र करून तीन बोटं, यौवन करून एक. किल्ली म्हणून वेगळं काही नाही, ओळ माहीत असणारा कोणीही वाचतो, म्हणून ही सुरक्षित नव्हे, फक्त आडवाटेची.

गोव्यात 'गुप्त लिपी' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी तशा नाहीत हे स्पष्ट लिहायला हवं. गोंयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीतले कागद किंवा घरातल्या पेटीत सापडलेलं मोडीचं बाड आज वाचता येत नाही कारण वाचणारे उरले नाहीत, लिहिणाऱ्याला काही लपवायचं होतं म्हणून नव्हे. पोर्तुगीज काळातला पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखात आहे, लिस्बनशी झालेला 'मोन्सोंइश' म्हणजे मान्सूनच्या नावाच्या ग्रंथमालेत. तेव्हा एकच पत्र दोन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांतून जायचं, म्हणजे एक बुडालं तरी दुसरं पोचेल, पण त्यामुळे पत्र शत्रूच्या हाती लागायची शक्यताही वाढायची. मराठ्यांशी, मोगलांशी बोलणी करणारे शेणवी दुभाषी आणि वकील यांच्यावर पांडुरंग पिसुर्लेकरांचं काम आजही पहिलं बघावं लागतं. मराठ्यांच्या हेरखात्याबद्दल मात्र साधनं फार तुटपुंजी. बहिर्जीचं नाव सभासद बखरीत येतं, पण त्याच्या नावावर आज फिरणाऱ्या पक्ष्यांच्या आवाजांच्या भाषेला समकालीन आधार दाखवला जात नाही.

विसाव्या शतकातली दोन प्रकरणं थेट इथली. पहिलं मुरगाव बंदरातलं. महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्याने जर्मन आणि इटालियन मालवाहू जहाजं इथे अडकून पडली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले बरेचसे वयस्कर लोक 'फीबी' नावाच्या बोटीतून आले आणि 'एहरेनफेल्स'वर चढले, जर्मनांनी स्वतःच जहाजं पेटवून बुडवली. या जहाजावर लपवलेल्या ट्रान्समीटरवरून हिंदी महासागरातल्या पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांच्या जागा सांकेतिक भाषेत कळवल्या जात होत्या, ही सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट. ब्रिटिश कागदांत मोहिमेला 'लाँगशँक्स' म्हटलेलं आहे, लोकांत 'क्रीक' हे नाव रूढ झालं, आणि त्या कागदांवरून जहाजं पळवून न्यायचा बेत आधीपासून होता असं दिसतं. ट्रान्समीटर असेलही, पण त्यामुळे अमुक इतकी जहाजं बुडाली हे हिशेब जपूनच घ्यावेत.

दुसरं डिसेंबर १९६१ चं, भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला तेव्हाचं. पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वाच्या हाताखालच्या सैन्याने रणगाडाविरोधी दारूगोळा मागवताना 'शोरीस' हा ठरलेला कोड वापरला आणि लिस्बनहून खरेच शोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज आले, असं पोर्तुगीज बाजूच्या लिखाणांत परत परत येतं. तपशील थोडे बदलतात. पण कोडचा जो दुबळेपणा आहे तो यात नीट दिसतो, दोन्ही टोकांकडे एकच यादी नसेल तर साधा शब्द साधाच राहतो.

युरोपातला मधला टप्पा थोडक्यात: एका किल्लीशब्दाप्रमाणे प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या अंतराने सरकवत लिहायची पद्धत विजेनेरच्या नावावर चालते पण ती बेलासोने १५५३ मध्ये छापली होती, आणि ती तोडायची रीत कासिस्कीने १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनांचं एनिग्मा हे संकेतयंत्र आधी फोडलं ते पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीने, १९३२ मध्ये, गणिताने. ट्युरिंग आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्राचं काम त्यावर उभं आहे आणि ते लहान नाही, पण पोलिश गणितज्ञांचं नाव मागे पडतं ते चुकीचं आहे.

आजच्या सगळ्या व्यवहाराचा पाया केर्कहॉफ्सने १८८३ मध्ये मांडला: पद्धत शत्रूला माहीत आहे असंच धरा, लपवायची ती फक्त किल्ली. पण किल्ली समोरच्याला द्यायची कशी हा प्रश्न १९७६ पर्यंत अडून होता, तो डिफी आणि हेलमन यांनी सोडवला, पुढच्या वर्षी त्याच कल्पनेवरची आरएसए ही पद्धत आली. (ब्रिटिश गुप्तहेर खात्यात हेच काही वर्षं आधी सापडलं होतं, ते १९९७ मध्ये जाहीर झालं.) आरएसएमागचं गणित असं: ६१ आणि ५३ या मूळ संख्यांचा गुणाकार ३२३३ कोणीही करेल, ३२३३ वरून ते दोन शोधायला वेळ लागतो, आणि आकडा शेकडो अंकी असला तर आजच्या संगणकांना ते जमत नाही. अशा मूळ संख्या ओळखायची झटपट आणि खात्रीची रीत असू शकते हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी सिद्ध केलं. किल्ली लहान असली तर काय होतं तेही बघायला मिळालं, ५६ बिटांच्या किल्लीची डीईएस ही अमेरिकेची जुनी मानक पद्धत १९९८ मध्ये एका खास यंत्राने तीन दिवसांच्या आत उघडली. तिच्या जागी २००१ मध्ये लांब किल्लीची एईएस आली. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून सगळे वैयक्तिक मेसेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद जातात, तरी लोक फसतात ते ओटीपी स्वतःच सांगून टाकल्यामुळे, गणित तुटल्यामुळे नव्हे.

१९९४ मध्ये शोरने दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसए तोडू शकेल. तसा संगणक अजून नाही, पण आज पकडून ठेवलेला मजकूर उद्या उघडता येईल म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. भारतात या विषयाची 'इंडोक्रिप्ट' परिषद २००० पासून भरते, २०२३ ची डिसेंबरमध्ये गोव्यात झाली.