ट्रेलर ओढणे (प्रवासी मोटारीने)

मोटारीच्या मागे हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) बसवून त्याला ट्रेलर जोडणे आणि ओढून नेणे. किती वजन ओढायचे याची मर्यादा मोटारीची निराळी, हिचची निराळी, कपलरची (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला असलेल्या पकडीची) निराळी. त्यांतली सर्वांत कमी असेल तीच धरावी लागते.

ट्रेलर रस्त्यावर डुलू लागतो त्याचे मूळ बहुतेक वेळा सामान भरण्यातच असते. जड सामान चाकांच्या मागे गेले की ट्रेलर उलाळ होतो, हिचवर दाब उरत नाही आणि त्याची शेपटी मोटारीला डावी-उजवीकडे ढकलू लागते. उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा असा दंडक आहे. म्हणजे १,००० किलोच्या ट्रेलरचा १०० ते १५० किलो. युरोपात हे प्रमाण कमी धरतात. भार फाजील झाला तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते.

वेग वाढला की डुलणे आपोआप शमत नाही, उलट वाढत जाते. अशा वेळी करकचून ब्रेक दाबावासा वाटतो किंवा स्टिअरिंग उलट फिरवावेसे वाटते. दोन्ही घातक. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरावे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकला हाताने चालवायची वेगळी कळ असेल, तर तेवढीच हळूहळू दाबावी. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हा सल्ला कधीही मानू नये.

जोडणी डोळ्यांनी पाहून भागत नाही. २ इंची कपलर हिचवरच्या १⅞ इंची बॉलवर (गोळ्यावर) बसल्यासारखा दिसतो, पण खड्ड्यात उसळून सुटतो. म्हणून कपलर लॉक करून ट्रेलरची दांडी जॅकने थोडी उचलावी. मोटारीची मागची बाजूही सोबत उचलली गेली, तर पकड खरी. सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन बांधतात, म्हणजे जोड सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता त्यांवर झेलली जाते.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. हात जिकडे, ट्रेलरही तिकडे. उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा. थांबाल तेव्हा ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेऊन पाहावा: एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल, तर बेअरिंग बिघडलेले असू शकते किंवा ब्रेक धरून राहिलेला असू शकतो. तो तपासल्याशिवाय पुढे निघू नये.