लघु एकपात्री नाटकातील शोक आणि काळा विनोद

एकच नट, दहा मिनिटांपासून फार तर तासाभराचा अवधी आणि मृत्यू, वियोग किंवा वाया गेलेले आयुष्य हा विषय, अशा रचनेत शोक विनोदाच्या वाटेने मांडण्याची नाट्यपद्धती. ‘काळा विनोद’ ही संज्ञा आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच अतिवास्तववादी कवीच्या १९४० सालच्या संकलनामुळे रूढ झाली. मरणावर हसण्याची रीत अर्थातच तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. नाट्यशास्त्रात हास्यरस शृंगारातून आणि करुणरस रौद्रातून उत्पन्न होतो असे सांगितले आहे, म्हणजे तेथे या दोघांची कुळे वेगळी. या पद्धतीत मात्र ते एकाच नटाच्या एकाच वाक्यात येऊन बसतात.

अनेक पात्रांच्या नाटकात शोक करणाऱ्याची समजूत घालायला, त्याला गप्प करायला किंवा त्याच्याशी भांडायला कोणीतरी असते. एकपात्री प्रयोगात ही जागा रिकामी राहते आणि प्रेक्षकांचा हशा हाच बोलणाऱ्याला मिळणारा एकमेव जबाब ठरतो. म्हणून तो हशा मिळवत राहतो आणि जे सांगायचे ते पुढे ढकलत राहतो. विनोद केवळ शोकावरचा उतारा म्हणून पेरला, तर अशी रचना हमखास फसते. तो शोक टाळण्याची धडपड म्हणून यावा लागतो.

रशियन लेखक अंतोन चेखव यांची तंबाखूच्या दुष्परिणामांवरील एकांकिका या दृष्टीने पायाभूत आहे. १८८६ मध्ये लिहिलेल्या या प्रहसनावर चेखव पुन्हापुन्हा हात फिरवत राहिले आणि १९०२ च्या अखेरच्या खर्ड्यात त्याचा रंगच पालटला. बायकोच्या हुकमावरून व्याख्यानाला उभा राहिलेला न्यूखिन स्वतः धूम्रपान करतो, विषय सोडून संसाराचे रडगाणे गातो आणि तीस वर्षांपूर्वी लग्नात घातलेला कोट अंगावरून ओरबाडून पायाखाली तुडवतो. बायको विंगेत दिसताच तोच कोट पुन्हा चढवून तो व्याख्यान आटोपतो.

मराठीत या पद्धतीच्या सर्वांत जवळ जाते ती दिवाकर, म्हणजेच शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांची नाट्यछटा. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या नाट्यात्मक एकभाषितांवरून (एकाच पात्राच्या तोंडी असलेल्या कवितांवरून) त्यांना ही कल्पना सुचली. नाट्यछटेत समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. ते बोलणाऱ्याच्याच तोंडून कळते आणि त्याबरोबर त्याचा ढोंगीपणाही उघडा पडतो. ‘पंत मेले – राव चढले’ हे तर शीर्षकच काळ्या विनोदाचे आहे. मात्र दिवाकरांचा रोख बहुधा इतरांच्या कोरडेपणावर असतो. स्वतःच्या शोकाशी झुंजणारा माणूस त्यांच्याकडे त्या मानाने कमी आढळतो.

आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेट यांचे ‘क्रॅप्स लास्ट टेप’ हे या प्रकारातील सर्वांत कसदार नाटक म्हणता येईल. पॅट्रिक मॅगी या उत्तर आयर्लंडच्या नटाचा आवाज बीबीसी रेडिओवर ऐकून त्यांनी ते १९५८ च्या प्रारंभी लिहिले. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये त्यांच्याच ‘एंडगेम’ या नाटकाच्या आधी त्याचा पहिला प्रयोग झाला. ६९ वर्षांचा क्रॅप आपण ३९ व्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेली फीत ऐकतो, एवढेच कथानक. सुरुवात सर्कशीतल्या विदूषकाला शोभावी अशी: क्रॅप केळे सोलतो, साल पायाशी टाकतो आणि त्याच सालीवरून घसरतो, दुसऱ्या केळ्याची साल मात्र तो रंगमंचाखाली भिरकावतो. माणूस एवढेच शिकला, असे पाहणाऱ्याला वाटून जाते. पुढे आईच्या मृत्यूची हकिगत येते. क्रॅप इस्पितळाबाहेर बाकावर बसून तिच्या सुटकेची वाट पाहत असतो, एका पांढऱ्या कुत्र्यासाठी चेंडू फेकत असतो आणि तेवढ्यात तिच्या खिडकीचा पडदा खाली येतो. याच हकिगतीत स्वतःच वापरलेला वैधव्यवाचक शब्द म्हातारा क्रॅप विसरलेला असतो, म्हणून फीत थांबवून तो जाडजूड शब्दकोश काढतो. आईचा मृत्यू तसाच लटकत राहतो आणि प्रेक्षक शब्दकोशावर हसत असतात. बेकेट यांची आई १९५० मध्ये डब्लिनच्या कालव्याकाठच्या शुश्रूषागृहात वारली होती, हे ठाऊक असले तर ते हसू घशात अडकते.

ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी २००६ मध्ये, प्रकृती खालावलेली असताना, क्रॅपची भूमिका रॉयल कोर्टमध्येच चाकाच्या खुर्चीतून केली आणि केळ्याचा भाग गाळला. विदूषकी गेली की नाटक किती कठोर होते, हे त्या प्रयोगात उघड झाले. हा लाभ की हानी, यावर दोन मते होऊ शकतात.

अलीकडे या पद्धतीला मोठा आश्रय मिळाला तो स्कॉटलंडमध्ये १९४७ पासून भरणाऱ्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात. एकच सभागृह दिवसभरात अनेक प्रयोगांना वाटून दिले जात असल्याने तासाभराचा, एका खुर्चीवर भागणारा प्रयोग तेथे परवडतो. ब्रिटिश लेखिका-अभिनेत्री फीबी वॉलर-ब्रिज यांचे ‘फ्लीबॅग’ मुळात दहा मिनिटांच्या सादरीकरणातून वाढले आणि २०१३ मध्ये तेथे रंगमंचावर आले. त्यातील तरुणी मैत्रिणीच्या मृत्यूनंतर गिनीपिगच्या सजावटीचे डबघाईला आलेले उपाहारगृह चालवते आणि स्वतःच्या शरीरसंबंधांविषयी बेधडक विनोद करत राहते. त्या मृत्यूत तिचा स्वतःचा वाटा किती होता हे कळते, तोवर प्रेक्षक तिच्या बाजूने बराच वेळ हसून बसलेले असतात.