जुन्या जीप, जोंगा, वन-टनचे भाग: आम्ही काय बनवतो, काय बनवत नाही आणि वेळ कुठे जातो

गाडी आमच्या शेडवर आणण्याआधी एक काम करा. सडलेला, फाटलेला, हातात धरताच ज्याचा चुरा होतो असा पत्रासुद्धा फेकू नका. पोत्यात भरून सोबत आणा. मडगार्डचा अर्धा उरलेला तुकडा आमच्यासाठी नकाशा असतो. घडी कुठून घातली होती, कडेचं बीडिंग किती रुंद होतं, भोक किती सुताचं होतं, सगळं त्यावर वाचता येतं. कबाडी त्याचे चहापाण्याइतके पैसे देईल. पण तो तुकडा नसेल तर तेच माप शोधायला आमचा दीड दिवस जातो आणि तो दीड दिवस तुमच्याच बिलात येतो.

हे पत्रक छापायचं कारण म्हणजे फोनवर रोज येणारा प्रश्न: "जीप पूर्ण करून द्यायची आहे जी, किती लागन?" गाडी न पाहता याचं खरं उत्तर देता येत नाही, आणि खोटं द्यायचं नाही. त्यामुळे काम कसं चालतं तेच इथे लिहिलं आहे. वाचून मग या.

कोणत्या गाड्या

नागपूरला या गाड्यांची कमी नाही. एका बाजूला कामठीची छावणी, दुसरीकडे पावणेतीनशे किलोमीटरवर जबलपूर. जोंगा या लष्करी गाडीचं नावच मुळात जबलपूरचं: तिथल्या आयुध आणि तोफगाडा कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं. निसानच्या परवान्यावर, त्यांच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीच्या साठ मालिकेवरून, जबलपूरच्या वाहन कारखान्यात ती 1969 पासून बनू लागली. सहा सिलिंडरचं 3,956 सीसीचं पेट्रोल इंजिन. वन-टन ही तिची थोरली बहीण. शक्तिमान ट्रक मात्र जर्मन मान कंपनीच्या परवान्यावरचा. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या या गाड्या विदर्भभर पसरल्या. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत त्यांनी पेट्या ओढल्या आणि शेवटी गोठ्यामागे उभ्या राहिल्या. त्यांच्या जोडीला महिंद्राच्या जीप, त्यातही उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी. तिचं बॉनेट उंच का, असं लोक विचारतात. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यामुळे इंजिनची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर गेलं. शोभेसाठी नाही.

या सगळ्यांची कामं आम्ही घेतो. शक्तिमानची फक्त केबिन आणि मागचा हौदा करतो, इंजिन नाही.

माप गाडीचं घ्यायचं

कारखान्याचं माप हातात असलं तरी समोरची गाडी त्या मापाची राहिलेली नसते. पन्नास वर्षांत कोणीतरी ती झाडावर घातलेली असते, कोणीतरी चासीला पट्टी मारलेली असते. त्यामुळे पहिला दिवस फक्त मोजण्यात जातो. चासी सपाट जागेवर ठेवून डाव्या पुढच्या टोकापासून उजव्या मागच्या टोकापर्यंत तिरपं माप, मग उलट बाजूचं. दोन्हींत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर पत्र्याला हात लावत नाही. आधी चासी सरळ करतो. वाकड्या चासीवर सरळ बॉडी कधीच बसत नाही, आणि बसवली तर काच तडकते.

मग पुठ्ठ्याचा फर्मा. पुठ्ठ्यावर समाधान झालं की पातळ पत्र्यावर, आणि मग खऱ्या पत्र्यावर. डाव्या मडगार्डचा फर्मा उलटा करून उजवं बनवता येईल असं वाटतं, पण स्टेअरिंग आणि सायलेन्सर एकेका बाजूला असल्याने भोकं आणि काप वेगळे निघतात. म्हणून दोन्ही तुकडे आणा.

बॉडीला आम्ही सीआर (थंड लाटलेला) पत्रा वापरतो, बहुतेक ठिकाणी 18 गेज, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर. जिथे पाय पडतो किंवा जॅक टेकतो तिथे 16 गेज. "जाड लावा ना, मजबूत होईल" हा आग्रह आम्ही नम्रपणे नाकारतो. जाड पत्र्याला जुन्यासारखी गोलाई येत नाही, आणि शेजारचा पातळ पत्रा त्याच्या जोडावरच पुढे फाटतो. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको. वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर आमच्या पोरांच्या छातीत जातो.

ब्रॅकेट, प्लेट, फ्लँज असे सपाट भाग लेझरवर कापून आणतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत ते काम सफाईने होतं. घरच्या मुलाने संगणकावर ड्रॉइंग काढलं असेल तर जरूर द्या, पण घडीचा हिशोब आमच्यावर सोडा. दोन मिलिमीटरच्या पत्र्याला काटकोनात वाकवलं की बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर घडीला सुमारे साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. हे न करता कापलेल्या प्लेटांची चळत शेडच्या मागे पडली आहे. शिकाऊ पोरांना दाखवायला उपयोगी पडते.

गंज कुठपर्यंत कापायचा

दिसतो त्याच्या पुढे दोन बोटं. बाहेरून नाण्याएवढं भोक दिसतं तिथे आतून तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. जीपमध्ये मॅटखालचा तळ, सीटखालचा टूलबॉक्स, बॅटरीचा ट्रे आणि तळाखालच्या आडव्या चॅनेल आधी तपासतो. युद्धकाळातल्या विलीजच्या त्या चॅनेलमध्ये तर लाकडाचे ठोकळे असत. लाकूड ओल धरून ठेवतं आणि लोखंड आतून सडतं. बाहेर रंग तसाच चकचकीत.

वेल्डिंग मिग पद्धतीने (गॅसच्या आवरणात तार वितळवून), 0.8 मिलिमीटरच्या तारेने. दांडीच्या वेल्डिंगने हा पत्रा जळतो. टाके एकामागून एक मारत नाही: इथे एक, वीतभर पुढे दुसरा, मग परत मधे. पत्रा हाताला सोसेल इतका थंड झाल्यावर पुढचा. म्हणूनच वीतभर जोडाला तास लागतो आणि बघणाऱ्याला पोरं नुसती उभी आहेत असं वाटतं. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो आणि मग तो बसवायला लांबी (पुट्टी) भरावी लागते. आमच्याकडच्या कामात लांबी नखाएवढी जाड दिसली तर ते काम आम्हाला परत दाखवा.

बसवणं

भाग बनवायला दोन दिवस लागले तर बसवायला चार धरा. यावर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या काळात एका जुन्या पिकअपच्या केबिनचं काम आलं. इंजिन बाहेर, चाकं बाहेर, चासी लोखंडी घोड्यांवर. आम्ही दरवाजे सुरेख बसवले, चारी बाजूंनी सारखी फट. मालक खूश. मग इंजिन चढलं, गाडी चाकांवर आली आणि दोन्ही दरवाजे वरच्या कोपऱ्यात अडकले. इंजिनच्या वजनाने चासी पुढून जरा झुकली होती. तितकंच पुरलं. बिजागऱ्या कापून पुन्हा लावल्या, रंग पुन्हा मारला, पैसे आमच्या खिशातून गेले.

तेव्हापासून कायमचं वेल्डिंग करायच्या आधी गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर), इंजिन-गिअरबॉक्स जागेवर ठेवून उभी करतो. बॉडी आणि चासीमधले रबर नवे घालतो, गरज पडेल तिथे पातळ चकत्या. बॉनेट, मडगार्ड, ग्रिल आधी नटबोल्टवर सैल लावतो, आठवडाभर इकडे-तिकडे सरकवतो, मग पक्कं करतो. म्हणजे गाडी रंगाआधी एकदा पूर्ण जोडली जाते आणि पूर्ण उघडली जाते. "जोडली होती ना, मग परत काऊन खोलली?" असा प्रश्न आला की हे पान दाखवतो.

नटबोल्ट

अमेरिकन वंशाच्या जीपला इंचाचे आटे, जोंगाला मिलिमीटरचे, आणि एखादी जुनी इंग्रजी लँड रोव्हर आली तर तिला बऱ्याच ठिकाणी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या, 55 अंश कोनाच्या घराण्यातले. चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट आणि अमेरिकन जाड आट्याचा बोल्ट डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात. पण एकाला इंचाला 12 आटे, दुसऱ्याला 13, आणि अमेरिकन आट्याचा कोन 60 अंश. दोन-तीन फेरे मजेत फिरतात, मग अडतात. गडी पान्याला पाइप लावतो आणि ब्लॉकमधला आटा जातो. त्यामुळे जुने बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या डब्यात ठेवा. सगळे एका बादलीत टाकून आणले तर वेगळे करायची मजुरी लागेल.

ओतकाम आणि लेथ

तुटलेलं बीडाचं हाऊसिंग किंवा ॲल्युमिनियमचं झाकण ओतून मिळतं, पण जुनाच भाग साचा म्हणून वाळूत दाबला तर नवा लहान येतो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. 300 मिलिमीटरचा भाग 3 मिलिमीटरने कमी भरतो. म्हणून वाढीव मापाचा लाकडी नमुना वेगळा बनवावा लागतो आणि एका नगाला खर्च जास्त पडतो. तोच भाग हवा असलेले आणखी दोघं-तिघं ओळखीत असतील तर एकत्र या. शॅकलचे बुश, पिना, स्पेसर लेथवर लगेच होतात. त्यासाठी थांबून घेऊन गेलात तरी चालेल. ऑइल सील बनवत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली की बाजारात मिळते.

जे आम्ही करत नाही

स्टेअरिंगचा ड्रॉप आर्म, टाय रॉड, नकल यांना वेल्डिंग नाही. तडकलेल्या रिमलाही नाही. तुटलेल्या पाट्याला टाका मारून द्या असं म्हणू नका. वेल्डिंगच्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं, आणि तो पाटा त्याच जागेच्या शेजारी पुन्हा तुटतो, बहुधा घाटात. ब्रेकची नळी तांब्याची टाकत नाही. स्टीलची, टोकाला दुहेरी फुगवलेली. आणि चासीवरचा नंबर ज्या जागी पंच केला आहे, तो तुकडा कितीही सडला असला तरी कापत नाही, घासत नाही, दुसरीकडे लावत नाही. कोणी करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.

टाकी, पेट्रोल आणि आपला उन्हाळा

गळकी टाकी स्वतः वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. आम्ही ती धुतो, उकळत्या पाण्याने पुन्हा धुतो, कामाच्या जागेपर्यंत पाणी भरून ठेवतो आणि मगच कथलाचा डाग देतो.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पंपाचा रबरी पडदा, पेट्रोलच्या नळ्या, कॉर्कची पॅकिंग ही त्या काळच्या पेट्रोलसाठी होती. इथेनॉलने ती फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी तळातून गंजते. आम्ही नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकतो. तेवढा जादा खर्च धराच.

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कार्ब्युरेटरवाल्या गाडीच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बर्डीच्या सिग्नलवर बंद पडते. त्यावर ओलं फडकं टाकण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. आम्ही नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवतो आणि मधे ॲल्युमिनियमचा पडदा लावतो. रेडिएटरची तांब्या-पितळेची जाळी नव्याने भरतो. त्यात बोअरचं पाणी घालू नका, दोन उन्हाळ्यांत क्षार बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही.

आरटीओ

केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. फी नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं इतकंच.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, मोजणी पहिल्या नोंदणीपासून आहे, बनण्याच्या वर्षापासून नाही. लष्कराची जोंगा 1972 ची असेल पण लिलावातून घेऊन तिची पहिली नोंदणी 1995 ला झाली असेल, तर कागद नीट बघा. दोन, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. त्यामुळे डिझेल इंजिन, रुंद चाकं, पॉवर स्टेअरिंग यातलं काही हवं असेल तर व्हिंटेज पाटीचा विचार सोडा. आधी ठरवा. दोन्ही हवं म्हणणाऱ्यांचं काम आम्ही कागद हाती येईपर्यंत सुरू करत नाही.

रंग आणि तारखा

उघडा पत्रा एक रात्रही उघडा ठेवत नाही. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडमधून ओल झिरपते. वाळूचा मारा चासीला करतो, बॉनेटला आणि दरवाजाला नाही, कारण मोठा सपाट पत्रा त्याने लाटेसारखा होतो. आषाढ-श्रावणात शेवटचा रंग मारत नाही. हवेतल्या ओलीने त्यावर पांढुरकी झाक येते. दसऱ्याच्या पूजेला गाडी दारात हवी असेल तर संक्रांतीच्या सुमारास आणा. पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक झाल्यावर फोन करून "दसऱ्यापर्यंत होईन ना भाऊ?" असं विचारणारे दरवर्षी निघतात. नाही होत.

मागच्या हौद्याच्या फळ्या सागवानाच्या हव्या असतील तर बल्लारपूर डेपोचा माल घेतो, पावतीसह. स्वस्त हवं तर दुसरं लाकूड सांगा, आमची हरकत नाही.

पैसे

मापं झाल्यावर लेखी अंदाज देतो. रक्कम तीन टप्प्यांत: चासी झाल्यावर, सैल जोडणी तुम्ही स्वतः पाहिल्यावर, आणि गाडी नेताना. कापल्यावर जास्त गंज निघाला तर काम थांबवून फोटो पाठवतो. तुमचा होकार आल्याशिवाय पुढे जात नाही. होकार यायला महिना लागला तर गाडी महिनाभर जागा अडवते, त्याचं भाडं लावतो.

गाडी नेल्यावर शंभर किलोमीटर झाले की परत आणा. पाट्यांचे यू-बोल्ट आणि बॉडीचे बोल्ट तेवढ्यात थोडे सैल पडतातच. तेव्हा ते पुन्हा आवळायचे पैसे घेत नाही.